सुनेची परीक्षा आणि मी पेशंट

इथे सौदीत दुकानातल्या नोकऱ्या सौदी लोकांनाच द्यायचा नियम आला, त्या सौदीकरणात मुलाची दुकानातली नोकरी गेली आणि घराची सगळी मदार सुनेच्या नर्सिंगच्या डिप्लोम्यावर आली. पेशंटला पलंगावरून न उठवता चादर बदलायची, एवढंच तिला जमत नव्हतं. आडवं पडायला चौथीपर्यंतची शाळा पुरते, म्हणून प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी पेशंट मी झाले.

शेजारीण मीठ मागायला आली आणि मला तशी पाहून उलट्या पावली गेली. थोड्या वेळात आमच्या अझीझिया वस्तीतल्या कोकणी बायका पेजेचे डबे घेऊन हजर! आजाऱ्याला बघायला जाऊन लगेच निघणं आमच्यात वाईट दिसतं, त्यामुळे सगळ्या माझ्याच पलंगावर ठाण मांडून बसल्या.

"भाभी, लपवू नका. डॉक्टर काय म्हणाला?"

"मला काही झालेलं नाही. उद्या सुनेची परीक्षा आहे."

"बिचारी! तापात बडबडतेय."

शेवटी सून ओरडली, "यल्ला, उठा सगळ्या!" बायका उठल्या. पोतं पलटावं तसं तिने मला कुशीवर लोटलं आणि चादर बदलली. एक सुरकुती राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी परीक्षक बाईंनी तिला पास केलं, पण पेशंटशी गोड बोलायला शिका म्हणाल्या. आता ती नोकरी करते. गोड बोलणं अजून शिकायचंय.