घोड्याच्या घरात वजीर

चहा येईपर्यंत एक सांगून टाकतो. हसायचं तर खुशाल हसा, फक्त मधेच "मग तू गप्प का नाही बसलास?" असं विचारू नका. तेच मी इतकी वर्षं स्वतःला विचारतोय, आणि उत्तर आलं की माझंच डोकं फिरतं.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी एका साखर कारखान्यात कॉम्प्युटर ऑपरेटर होतो. कुठल्या, ते राहू द्या. आपल्या नगर जिल्ह्यात डोळे मिटून दगड भिरकावला तरी तो कुठल्या ना कुठल्या कारखान्याच्या गेटवर पडतो.

ऑपरेटर म्हणजे हंगामी. ऊस आला की कामावर, गाळप संपलं की घरी. लग्नासाठी मुलगी बघायला गेलो की पोहे यायच्या आत मुलीचा बाप विचारायचा, "कायम हाय का?" आई म्हणायची, "व्हईल की औंदा." मग आम्ही पोहे खाऊन परत. तालुक्यातल्या निम्म्या घरांतले पोहे मी खाल्लेत. मला आजही पोहे बघवत नाहीत.

तर कारखान्यात एसी दोनच. एक चेअरमनसाहेबांच्या केबिनला आणि दुसरा कॉम्प्युटरला. त्यामुळे कॉम्प्युटरचा मान फार मोठा. खोलीत शिरताना चपला बाहेर काढायच्या. मॉनिटरच्या कपाळाला हळदीकुंकू. आणि आत बसलेला मी, म्हणजे जवळजवळ पुजारीच. पगार सोडला तर.

चेअरमनसाहेबांना दोन नाद. एक कारखाना आणि दुसरा बुद्धिबळ. त्यांना एकुलती एक मुलगी, ती सोनईला रावसाहेबांच्या घरी दिलेली. रावसाहेब आडतीचे मोठे व्यापारी. आता ज्या चेअरमनसाहेबांपुढे अख्खा तालुका हात जोडून उभा, ते व्याह्यांपुढे मात्र स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन उभे राहायचे. मुलीचा बाप ना! बसायला खुर्ची आधी व्याह्यांना, जेवताना वाढायचं आधी व्याह्यांना, बोलण्यात शेवटचा शब्द व्याह्यांचा. सगळ्या जगात एकच जागा अशी, जिथे दोघं समोरासमोर मांडी घालून बसायचे, आणि ती म्हणजे बुद्धिबळाचा पट. तिथे चेअरमनसाहेब कुणाचं ऐकायचे नाहीत.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला बघायला रावसाहेब आले, आणि बंगल्याच्या पडवीत डाव मांडला गेला. डाव ऐन रंगात आला आणि आतून निरोप आला की कळा सुरू झाल्या. दोघं उठले, गाडी काढली. जाता जाता चेअरमनसाहेब बायकोला ओरडून सांगून गेले, "मोहऱ्याला कुनी हात लावला तर माझ्याशी गाठ हाय." बाईसाहेबांनी कोंबड्या झाकायचं डालगं आणलं आणि पटावर पालथं घातलं.

मुलगा झाला. आता नावाचा प्रश्न. चेअरमनसाहेबांना वडिलांचं नाव ठेवायचं होतं, राजाराम. स्वतःला मुलगा नाही, म्हणजे ते नाव त्यांच्याबरोबरच संपणार. पण नाव ठेवायचा मान बापाकडच्यांचा. चेअरमनसाहेबांनी कधी नव्हे ती व्याह्यांकडे गोष्ट मागितली. रावसाहेब हसले आणि म्हणाले, "मागून कशाला घेता, व्याही? डाव अर्धा हायच की. बारशाच्या दिशी पुरा करू. जिंका, न् ठिवा राजाराम."

दुसऱ्या दिवशी चेअरमनसाहेब माझ्या खोलीत आले. चपला बाहेर काढून. मी उभा राहिलो तो उभाच राहिलो.

"बबन, तुझ्या मशिनीत बुद्धिबळ हाय म्हनं."

नागापूरच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या एका मित्राने मला बुद्धिबळाची फ्लॉपी दिली होती, आणि बिलं छापून झाली की मी दार लावून खेळायचो. गेली नोकरी, म्हटलं.

"हाय साहेब. म्हणजे, चुकून."

"चुकून कशाला? माझा डाव घाल त्यात. काय खेळलं म्हंजी जिंकतो ते काढून दे. जिंकलो तर तुझी कायमची ऑर्डर त्याच दिशी सही करतो. साहेबांचा शब्द हाय."

ते स्वतःला साहेब म्हणत असत. पण शब्दाचे पक्के होते, हे खरं.

मी बंगल्यावर गेलो. बाईसाहेबांनी डालगं वर उचलून धरलं आणि मी खाली वाकून उसाच्या पावतीच्या पाठीवर पट उतरवून घेतला. प्यादंन्प्यादं दोनदा तपासलं. तिथे चूक नव्हती. ती असती तर बरं झालं असतं, निदान डोळ्यांना दोष देता आला असता.

डाव कॉम्प्युटरमध्ये मांडला आणि विचाराला लावला. आजच्यासारखं नाही हं, की चहा ढवळेपर्यंत उत्तर तयार! आमचं मशीन सावकाश. जितका जास्त वेळ द्याल तितकं खोल बघायचं. मी म्हटलं, कायम नोकरीचा प्रश्न आहे, बघू दे खोल. दोन दिवस तसंच चालू ठेवलं. आता मशीन एकच. त्यामुळे उसाची शेवटची बिलं बंद. शेतकरी खिडकीशी येऊन उभे.

"काय झालं वो, बबनराव?"

"कॉम्प्युटर विचार करतोय."

एक म्हातारे शेतकरी बराच वेळ काचेतून स्क्रीनकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "लई इचार करतंय वो. माझंच बिल हाय का काय?"

मला हसू आलं. आता येत नाही. त्या माणसाचं बिल चेअरमनच्या प्याद्यासाठी अडलं होतं, आणि अडवणारा मी होतो, दीडदमडीचा हंगामी.

दोन दिवसांनी उत्तर आलं. काय उत्तर म्हणताय! साहेबांचा हत्ती फुकट द्यायचा. तो मारायला व्याह्यांचा उंट जागेवरून हलला की घोड्याच्या पट्टीतलं प्यादं मोकळं. ते दोन घरं चालवायचं, शेवटच्या ओळीत पोचवायचं, वजीर करायचा, की मात. मशीन म्हणत होतं, व्याह्यांनी काहीही खेळू दे, सुटका नाही. मी प्रिंट काढला, त्यावर मराठीत चाली लिहिल्या आणि शेवटी लिहिलं, "प्यादं पोचलं की मात." कागद घेऊन केबिनमध्ये गेलो.

"हत्ती द्यायचा?" चेअरमनसाहेब खुर्चीतून उठलेच. "व्याह्याला फुकट हत्ती?"

"द्यायचा साहेब."

"मुलगी दिली, सोनं दिलं, गाडी दिली. आता हत्ती बी?"

त्या हत्तीवरच अर्धा तास गेला. मी प्रत्येक चाल मांडून दाखवली. हत्ती गळी उतरला तेव्हा ते इतके दमले होते की शेवटच्या ओळीबद्दल त्यांनी काही विचारलंच नाही. घोड्याने मात बसत असेल, असं त्यांना वाटलं. वजिराने बसते, असं मला. आम्ही दोघांनी एकाच कागदाकडे बघून मान डोलावली.

तेवढ्यात फोन वाजला. सोनईहून रावसाहेब. चेअरमनसाहेबांनी माझ्याकडे बघत बघत ऐकलं आणि फोनवर हात ठेवून मला म्हणाले, "डाव बरोबरीत सोडू म्हनत्यात. पाळन्यातलं नाव राजाराम, कागदावर त्यांचं. काय करू?"

लक्षात घ्या, मला विचारलं. ज्या माणसाने संचालक मंडळाला कधी विचारलं नाही, त्याने मला विचारलं. हो म्हणालो असतो तर त्या घरात राजाराम आला असता. अर्धा का होईना. पण माझी छाती अशी फुगली होती की शर्टाची बटणं कशी टिकली देव जाणे.

"बरोबरी कशाला, साहेब? कॉम्प्युटर जिंकतोय म्हणतो."

"नक्की?"

"कॉम्प्युटर चुकत नसतो, साहेब."

त्यांनी फोनवरचा हात काढला. "न्हाई रावसाहेब. खेळूच."

बारशाला मांडव, आचारी, दोन्हीकडचे पाहुणे. पण बायका सोडून सगळे पडवीत. डालगं उचललं गेलं. मला साहेबांनी मुद्दाम मागे उभं केलं. मी नवा शर्ट घातला होता. आईला सांगून आलो होतो की येताना पेढे आणतो.

चेअरमनसाहेबांनी हत्ती दिला. रावसाहेब त्या हत्तीकडे बघतच राहिले. "व्याही, बरं हाय ना?" मग त्यांनी तो मारला. प्यादं एक घर गेलं. रावसाहेबांचा चेहरा उतरला नाही, हे मी पाहिलं होतं, पण मला वाटलं त्यांना अजून कळलं नाही. प्यादं शेवटच्या घरात गेलं. साहेबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "वजीर घ्या, साहेब."

पडवीतल्या सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मग रावसाहेब म्हणाले, "वजीर? घोड्याच्या घरात?"

आणि तेव्हा मला आठवलं. अहो, आपल्या देशी खेळात प्यादं ज्या घरात पोचतं त्या घरचं मोहरं होतं. हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट, घोड्याच्या घरात घोडा. वजीर हवा तर प्यादं मधल्या दोन घरांत न्यावं लागतं. परदेशी खेळात प्यादं कुठेही पोचो, वजीर मागा, मिळतो. कॉम्प्युटर परदेशी खेळत होता. त्याचं बरोबरच होतं. पडवीतले सगळे देशी खेळत होते, त्यांचंही बरोबर होतं. आणि मला हे माहीत नव्हतं का? मी चड्डी घालायला लागायच्या आधी देशी खेळायला लागलो. हा नियम तेव्हापासून पाठ. पण स्क्रीनवर वजीर दिसला आणि माझी अक्कल मी चपलांबरोबर बाहेर काढून ठेवली.

"साहेब, आंतरराष्ट्रीय नियमानुसार..." मी सुरुवात केली.

"गप," चेअरमनसाहेब म्हणाले. रागाने नाही.

घोडा मिळाला. त्या घोड्याने काय होतंय? हत्ती आधीच गेलेला. पुढच्या काही चालींत डाव संपला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. साहेब पटावरच्या स्वतःच्या राजाकडे बघत बसले होते, आणि त्या क्षणी मला माझी ऑर्डर आठवली नाही, त्यांचे वडील आठवले. ज्यांना मी कधी पाहिलंही नव्हतं.

"व्याही, ही चाल तुमच्या डोक्यातली न्हाई," रावसाहेब म्हणाले. "कुनी सांगितली?"

चेअरमनसाहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्यानं. कॉम्प्युटरवर काढली. बबननं."

"बबन!" रावसाहेबांनी मला जवळ बोलावलं, पाठीवर हात फिरवला. "अरं, मी घाबरून बरोबरी मागत हुतो, न् तू मला डाव दिला. तुझं नाव आमी इसरायचं न्हाई." आणि आत वळून स्वतःच्या मुलीला, बाळाच्या आत्याला, हाक मारली, "ए ताई, नाव ठरलं गं. बबन."

आत्या रोहन हे नाव घरूनच ठरवून आली होती. ती रडकुंडीला आली. पण रावसाहेबांपुढे कोण बोलणार? चेअरमनसाहेब तर मुलीचे बाप. आत्याने पाळण्यात वाकून कानात कुर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत धपके घातले, आणि सगळा मांडव म्हणाला, बबन. मी पेढे न घेता घरी गेलो.

बिलं संपली, मीही घरी बसलो. पुढच्या हंगामात मला कॉम्प्युटरच्या खोलीतून काढून वजनकाट्यावर घातलं. उन्हात. चेअरमनसाहेब मला आडनावाने हाक मारायला लागले. तरी माणसाला आशा असते. हंगाम संपत आला तेव्हा मी धीर करून बंगल्यावर गेलो. मुलगी पोराला घेऊन माहेरी आलेली होती, म्हणून बाळाला एक झबलं घेतलं, रेशमी. साहेब त्याच पडवीत बसले होते.

"साहेब, ते ऑर्डरचं..."

तेवढ्यात आतून बाईसाहेबांचा आवाज आला, "बबन, पुन्हा ओलं केलं का रं?"

आणि मी, सवयीने, मोठ्याने म्हणालो, "न्हाई बाईसाहेब."

चेअरमनसाहेबांनी आतल्या दाराकडे बोट केलं. मग म्हणाले, "एक बबन जल्माचा कायम झालाय माझ्या घरी. दुसरा न्हाई परवडायचा."

मी मुकाट्याने चपला शोधायला लागलो. झबलं तेवढं त्यांनी ठेवून घेतलं.