बाजेवरचा अडथळा

पंचनाम्यावर सही करायला, पंच व्हायला गावात एकही माणूस मिळाला नाही. पारावर बसलेल्यांपैकी एकाला गुडघा आठवला, दुसऱ्याला शेतातला कडबा. तिसरा निदान खरं बोलला. "तुमी संध्याकाळच्या गाडीनं जाल, साहेब. आमाला हितंच ऱ्हायचंय."

साहेब म्हणजे तालुक्याच्या कोर्टाचा बेलिफ. न्यायाधीश निकाल देतात, पण तो निकाल दारापर्यंत नेऊन अमलात आणायचं काम याचं. त्याच्या बॅगेत माझ्या मावशीच्या दोन खोल्यांचं ताबा वॉरंट होतं. मावशीचा नवरा वारला आणि तेरावा झाल्यावर ती बहिणीकडं, आमच्या घरी आली, तेवढ्यात धाकट्या दिरानं खोल्यांना कुलूप घातलं. ती कोर्टात गेली, कैक वर्षं तारखांना हजर राहिली आणि जिंकली. आम्ही पेढे वाटले. पेढे संपले तरी मावशी नळदुर्गला आमच्याच घरात होती, शिलाई मशीन आणि दोन ट्रंका घेऊन. बेलिफ एकदा येऊन कुलूप बघून परत गेला होता. आता कुलूप तोडायची परवानगी घेऊन आला होता.

मी पत्रकांत वाढले. वडिलांचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका पोटासाठी छापतात, चळवळीची पत्रकं स्वतःसाठी. माझ्या शाळेच्या वह्यांना उरलेल्या पत्रकांची कव्हरं असायची. त्या पत्रकांत बेलिफाला एकच वाक्य असे: याला वेशीवरून परत पाठवा. आणि त्या दिवशी मीच त्याला वेशीच्या आत घेऊन आले होते. मला त्यात विसंगती वाटली नाही, आजही वाटत नाही. गरिबाच्या दारात तो जप्ती घेऊन येतो तेव्हा त्याला अडवायला मी पुढं असेन. पण दांडग्याच्या दारात येतो तेव्हा हेच गाव त्याच्यासोबत दहा पावलं चालत नाही, हे कुठल्या पत्रकात छापायचं?

"मी होते पंच," मी म्हणाले.

दीर ओट्यावर बसला होता. हसला. "पोरगी पंच? चुलीचा पंचनामा हाय का, साहेब?"

"सज्ञान आहे, सही येते. चालते," बेलिफ म्हणाला.

"आवो, वहिनीच्या बहिणीची पोर हाय ती!"

"मग गावातला माणूस द्या. लगेच घेतो."

पारावरनं कुणी उठलं नाही. दुसरा पंच हलगीवाला झाला. ताबा दिल्याची दवंडी द्यायला बेलिफानं त्याला शेजारच्या गावातून आणलं होतं. तो म्हणाला, "माझ्या वाजवण्यावर कुणाची हरकत नसती. सहीवर आसंल तर आत्ताच बोला."

बेलिफ, मावशी आणि आम्ही दोघं पंच हातोडी घेऊन दाराशी गेलो. दाराला कुलूपच नव्हतं. दार सताड उघडं, आणि आत मधोमध बाज टाकून तिच्यावर मावशीची सासू. डाव्या अंगावरून वारं गेलेली, हाडांची मोळी झालेली म्हातारी. दिरानं तिला सकाळीच आपल्या घरातून उचलून इथं आणून टाकलं होतं.

"घ्या ताबा," तो म्हणाला. "उचला माझ्या आईला आन् हायवेवर न्हेऊन ठिवा."

पंच व्हायला ज्यांचे हात रिकामे नव्हते, त्यांच्या हातात आता मोबाईल होते. सगळ्यांना बेलिफ म्हातारीला उचलताना हवा होता. बेलिफ उंबऱ्यावरच थांबला. त्यानं कागद काढला आणि मावशीला हळू आवाजात सांगितलं, "बाई, मी हात लावणार नाही. अडथळा झाला असं लिहितो. तुम्ही परत अर्ज करा, पोलीस बंदोबस्त मागा."

परत अर्ज म्हणजे परत तारखा. मावशीचं तोंड मी पाहिलं. मला वाटलं ती रडेल.

ती चप्पल काढून आत गेली.

"आत्या," ती बाजेशी बसत सासूला म्हणाली, "काय खाल्लं का सकाळपासनं?"

"चहा बी न्हाय दिला," म्हातारी अडखळत, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "मुतायला उठावं लागंल म्हून."

पारावरचा एकजण फिसकन हसला. एकदोन मोबाईल खाली आले.

मावशी उठली. "साहेब, अडथळा लिहू नका. ताबा दिला लिहा. दोन खोल्या, न्हाणी, समद्याचा."

"आत माणूस आहे, बाई. माणसाचा ताबा मला देता येत नाही."

"माणसाचा कोण मागतंय? खोल्या माझ्या. आत्या माझ्या घरी माझ्या मर्जीनं ऱ्हातेत, असं लिहा. माझी हरकत न्हाय, तर अडथळा कशाचा?"

बेलिफानं पेनाचं टोपण काढलं.

आपली आई वहिनीच्या आसऱ्याला, हे कागदावर येणार म्हटल्यावर दीर उठला. धावत आत आला आणि म्हणाला, "चल आई, घरी चल." घटकाभरापूर्वी जिला उचला म्हणत होता, तिला आता स्वतःच उचलायला लागला. म्हातारीनं चांगल्या हातानं बाजेची कड धरली. "न्हाय येत. आधी चहा."

"वहिनी, हे बरं न्हाय," तो म्हणाला.

"भावजी, दारातनं बाजूला व्हा. उजेड अडतोय."

तो बाजूला झाला. मी सही केली, मोठी, पूर्ण नावानिशी. हलगीवाल्यानं माझ्या सहीखाली केली. मग त्यानं ओट्यावर उभं राहून अशी हलगी वाजवली की हायवेवरच्या ट्रकांचा आवाज बुडाला. मावशी तोवर शेजारणीकडं दूध मागायला गेली होती. शेजारणीनं पंच व्हायला नवरा दिला नव्हता, दूध मात्र दिलं.

ती म्हातारी अजून तिथंच आहे. तिचं सगळं करणं मावशीला जड जातं. कोर्टानं दिलेल्या घरासोबत हे ओझं बाईनंच का उचलायचं, यावर माझं आणि तिचं भांडण चालू आहे. पण ती ते स्वतःच्या छताखाली उचलते.

पुढच्या आठवड्यात मी वडिलांच्या छापखान्यात अर्ध्या पानाचं पत्रक छापलं आणि त्याच पारावर चिकटवलं. दिरानं फाडलं. मी दुसरं लावलं. त्यात एवढंच आहे: "ज्या बाईच्या हातात कोर्टाचा निकाल आहे आणि गावात पंच मिळत नाही, तिनं मला बोलवावं. मला सही येते."