आतोबांच्या मोटारीची झाकणं

एखादं काम पुरं होऊ नये म्हणून आमच्या आतोबांनी जेवढे कष्ट घेतले, तेवढे अख्ख्या बोरी गावात काम पुरं व्हावं म्हणूनसुद्धा कुणी घेतले नसतील. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. गाव त्यांना अप्पा म्हणे. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, घरची काळी कसदार जमीन, आणि अंगणात लिंबाखाली एक लालभडक विलायती मोटार. दोनच माणसांची, लांब नाकाची, वर छप्पर नाही. परभणीच्या जिनिंगमधला कुणी गोरा इंजिनिअर मायदेशी जाताना ती विकून गेला, आणि आतोबांनी ती बैल जुंपून घरी ओढत आणली. आत्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, "अवो, हिला छप्पर न्हाई?" आतोबा म्हणाले, "नंदीला छप्पर असतंय का?" नंदी चालत तरी होता, असं आत्या पुढं जन्मभर म्हणत आली.

मोटार चालत नव्हती ती झाकणांपायी. तिच्या इंजिनाच्या डोक्यावर दोन झाकणं असतात, आणि त्यांच्याखाली व्हॉल्व्ह तेलात न्हाऊन खाली-वर नाचत असतात. झाकण नसलं की ते तेल चालवणाऱ्याला अभिषेक घालतं. जुनी दोन्ही तडकलेली होती. ती काढायची, नवी बसवायची, एवढंच काम. आतोबा ते वर्षानुवर्षं करत होते. सकाळी अंघोळ आणि लिंगपूजा उरकली की धोतराचा काचा मारून ते मोटारीचं नाक उघडत आणि त्यात कमरेपर्यंत वाकत. रस्त्यानं जाणारा विचारी, "काय करायलाव अप्पा?" आतून उत्तर येई, "झाकण बसवायलोय." एकदा तांबटाकडून तांब्याची झाकणं ठोकून घेतली, इतकी देखणी झाली, की आत्यानं त्यातल्या एकात पूजेची फुलं ठेवली. मग सुतारानं बाभळीची केली, ती फुगली. मग तुपाचा डबा उभा चिरला. प्रत्येक वेळी आतोबा झाकण ठेवून, डोळे बारीक करून, मान हलवून म्हणत, "बसतंय, पन नीट न्हाई." झालं! झाकण खाली, आणि इंजिन पुन्हा आ वासून आभाळाकडं बघत बसे.

बरं, माणूस बिनडोक म्हणावा तर तसंही नाही. गावातलं शिवणयंत्र अडलं, ग्रामोफोन रुसला, उसाचा चरक दात काढून बसला, की बोलावणं आतोबांना. मोटारीशी ते उर्दूत बोलत. "परदेशी हाय बिचारी," ते म्हणत, "आपली मराठी तिला लय टोचायची." तिच्या आतला भागन् भाग ते पुसून लख्ख ठेवत, आणि वरून मात्र राख, काजळी असं काही फासून ठेवत, की म्हशीनंसुद्धा तिला अंग घासू नये. आत्याला ह्या ध्यानाची लाज वाटे. माहेरच्या बायका विचारीत, "नवऱ्याच्या मोटारीत बसलीस का गं?" आत्या म्हणे, "कोंबड्या बसतात. त्यांचं झालं की माझा नंबर."

खरं कारण आतोबांनी एकदा मला एकट्याला सांगितलं होतं. आमच्या भागात तेव्हा एक जहागीरदार होते. माणूस दुष्ट मुळीच नाही. गोड गळ्याचा, अदबीचा, कुणी आजारी असलं तर चौकशी करणारा. आतोबांची जमीन त्यांच्याच जहागिरीत. त्या काळची आपल्याकडची तहजीब अशी, की मोठ्या माणसानं एखादी वस्तू वाखाणली की मालकानं हात जोडून म्हणायचं, "आपलीच आहे." त्यावर मोठ्या माणसानं हसून म्हणायचं, "तुम्हालाच मुबारक." म्हणजे वस्तू जागच्या जागी आणि दोन्हीकडचा मान राहिला. आमच्या जहागीरदारांना ह्यातला पहिला अर्धाच भाग ठाऊक होता. "आपलीच आहे" ऐकलं की ते "शुक्रिया" म्हणत, आणि गडी वस्तू उचले. कुणाची घोडी गेली, कुणाची बाजाची पेटी, एका भल्या माणसाचा तर बोलका पोपट गेला. मोटार आल्याचं ऐकून ते बोरीला आले होते. पण उघडं, काळं इंजिन बघून नाकाला रुमाल लावून परतले. "तवापासून झाकण बसंना बघ," आतोबा म्हणाले. मी म्हटलं, "अहो, मग चालवणार कधी?" ते म्हणाले, "आपली हाय, हे काय कमी हाय?" मला तेव्हा हसू आलं होतं. पण वस्तू आपली राहावी म्हणून ती वापरायचीच नाही, ह्यात त्या माणसाचं किती प्रेम अडकलं होतं ते आता कळतं.

मग माझे वडील आजारी पडले. परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आशा सोडली, आणि वडिलांनी एकच धोसरा लावला, "अक्काला बोलवा." सकाळच्या सर्विस मोटारीनं मी बोरीला पोचलो. परतीची सर्विस दुसऱ्या दिवशी, आणि बैलगाडीनं रात्र झाली असती. आत्या चुलीपुढंच मटकन बसली. "गाडीबैलानं कवा पोचायचं रे? माझा भाऊ थांबंल का?"

आतोबा तडक उठले. ज्वारीच्या कणगीत खांद्यापर्यंत हात घालून त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी ओढून काढलं. दोन चकचकीत झाकणं! गोऱ्या साहेबानं मोटारीबरोबरच दिलेली, कोरीकरकरीत. आत्या रडता रडता थांबली. "म्हंजे हे घरातच हुतं? आन माझा डबा चिरलात?"

झाकण आणि इंजिन ह्यांच्यामध्ये तेल गळू नये म्हणून बुचाची पट्टी लागते, ती मात्र वाळून भुगा झालेली. आतोबांनी तो भुगा फुंकरीनं उडवला. मग म्हणाले, "शेजारच्या खाला हंडीला दम देताना झाकण कशानं लिंपतात गं?"

"कणकेनं."

"मळ. घट्ट मळ."

आमच्या शाकाहारी घरात दमाची हंडी कधी चढली नव्हती, पण आत्यानं डोळे पुसत कणीक मळली, वळ्या केल्या, आतोबांनी त्या काठाकाठानं बसवल्या, वर झाकणं दाबून चाक्या आवळल्या. लपवून ठेवलेल्या डब्यातलं पेट्रोल टाकीत ओतलं. हँडल मारता मारता ते मोटारीला म्हणाले, "चलो बेगम, इज्जत का सवाल है." आणि ती बया खरोखर गरजली! आत्या पुढं बसली, मी मागं टांगलेल्या जादा टायरला मिठी मारून. वाटेत कणीक भाजत गेली आणि परभणीपर्यंत रस्त्याला गरम पोळीचा वास सुटला. एका गावची कुत्री दुसऱ्या गावच्या कुत्र्यांच्या हवाली आम्हाला करत होती.

परभणीला रेल्वेचं फाटक बंद होतं. शेजारी एक मोठी काळी मोटार उभी होती, आणि तिच्यात जहागीरदार. वाऱ्यानं आमच्या गाडीवरची राख केव्हाच उडाली होती. लाल रंग उन्हात नुसता पेटला होता. ते खाली उतरले, गाडीभोवती फिरले. "वाह अप्पा! क्या खूबसूरत गाडी है!"

आतोबांनी एकवार आत्याकडं पाहिलं. तिचं कशात लक्ष नव्हतं, ती फाटकाकडं बघून पुटपुटत होती, "उघड रे बाबा, उघड."

आतोबांनी हात जोडले. "आपकीच है, सरकार. फकत इनको दवाखाने तक छोडने देव."

"शुक्रिया," जहागीरदार म्हणाले. "पहले मरीज को देखो. हमारा आदमी कल ले जाएगा."

वडील शुद्धीवर होते. आत्याला बघून त्यांनी क्षीण आवाजात विचारलं, "अक्का, येवढ्या लवकर कशी आलीस गं?"

"मोटारीनं."

"दाजींच्या?" ते आतोबांकडं बघत राहिले. "बसलं का झाकण?"

"कणकेनं बसिवलं," आत्या म्हणाली, आणि वडील हसले. आजारपणात कित्येक दिवसांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. दुपारभर भाऊ-बहीण बोलत होते. पहाटे ते गेले.

दिवसकार्य झाल्यावर आत्या आणि आतोबा बैलगाडीनं बोरीला परतले. पुढं निजामाचं राज्य गेलं, जहागिऱ्या गेल्या, आणि ती मोटार हैदराबादेत कुठल्याशा गॅरेजात पडून असल्याचं कानावर आलं. मी बोरीला गेलो, आतोबांना म्हणालो, "चला, बघून येऊ. आता कोण नाही म्हणणार आहे?" त्यांनी नकाराची मान हलवली. मला राहवलं नाही. म्हटलं, "आतोबा, इतकी वर्षं जपलीत, आणि एकदाच चालवलीत. वाईट वाटत नाही?"

त्यांनी लिंबाखालच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "तुझा बाप त्या दिवशी हसला हुता ना रे?"

मी हो म्हणालो.