मंचाजवळचे तपकिरी बूट

हिवाळ्यातल्या एका गुरुवारी, मगरीबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, नमाजानंतर थोड्याच वेळात, सौदी अरेबियात राबिघच्या अलीकडे समुद्रकाठी असलेल्या एका रेस्टॉरंटमध्ये कामगार खात्याचे दोन तपासनीस आले. मंचावरचा कीबोर्ड चालू होता. त्यामागची खुर्ची रिकामी होती. वाजवणारे मास्तर आमच्या टेबलावर बसले होते आणि त्यांच्या पायांत बूट नव्हते.

टेबलावर आम्ही चौघं होतो. मास्तर, त्यांची बायको, त्यांची दहावीतली मुलगी आणि मी. मास्तरांची बायको राबिघच्या सरकारी रुग्णालयात नर्स आहे. मास्तर तिच्या व्हिसावर इथे आलेले. चिपळूणकडच्या एका शाळेत ते संगीत शिकवत आणि गावोगावच्या भजनांना पेटीची साथ करत. इथे त्यांच्या इकाम्यावर, म्हणजे रहिवासी ओळखपत्रावर, ‘काम करण्यास परवानगी नाही’ अशी ओळ आहे. माझ्याही इकाम्यावर ती आहे. माझा नवरा रिफायनरीत आहे आणि गुरुवारी त्याची शिफ्ट असते, म्हणून मी त्यांच्याबरोबर जात असे.

रेस्टॉरंटचा मालक सौदी आणि मॅनेजर फ्रेंच. नीसच्या पूर्वेला समुद्रकाठच्या एका छोट्या गावात मॅनेजरच्या वडिलांचा बार होता. त्याचा मोठा फोटो इथल्या काउंटरमागे लावला होता: पट्ट्यापट्ट्यांचं छप्पर, जस्ताचा काउंटर, पेले हातात घेऊन उभी असलेली माणसं. मॅनेजरने इथल्या किनाऱ्यावर तसंच सगळं उभं केलं होतं. निळ्या-पांढऱ्या छत्र्या, उंच स्टुलं, बाटल्यांची रांग. बाटल्यांमध्ये दारू नव्हती. पुदिन्याचं हिरवं सरबत, अल्कोहोल नसलेला द्राक्षरस आणि बडीशेपेचा एक अर्क, ज्यात पाणी ओतलं की पेला दुधाळ होई.

“आमच्याकडे काम सुटल्यावर आणि जेवणाआधी सगळं गाव बारपाशी उभं राहतं,” मॅनेजर सांगायचा. “एक पेला आणि एक गाणं. त्यानंतर घरी.”

“आमच्याकडे बडीशेप जेवणानंतर देतात,” नर्स एकदा म्हणाली होती. “ती खाल्ली की मगच माणूस उठतो.”

मॅनेजरने मास्तरांना पहिल्यांदा ऐकलं ते भारतीय कुटुंबांच्या एका सहलीत. त्याला संध्याकाळसाठी लाइव्ह संगीत हवं होतं. कुटुंबाच्या व्हिसावर असलेल्या माणसाला काम द्यायचं तर वेगळा परवाना लागतो. तो अर्ज केला आहे, दोन आठवड्यांत येईल, असं मॅनेजर म्हणाला. मास्तर त्याआधीच बसू लागले. मोबदला म्हणून जेवण मिळे. नर्सचा विरोध होता.

“अहो, कागद येऊ दे. दोन आठवडे थांबलात तर सूर पळून जाणार आहेत का?”

“तीन वर्षं घरात भांडी घासतोय,” मास्तर म्हणाले. “बोटं भांड्यांचीच झालीत.”

पकडले गेले तर हद्दपारी होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तर परत गेले असते, तर नर्सला एक तर नोकरी सोडावी लागली असती, नाही तर मुलीला घेऊन एकटीने राहावं लागलं असतं. मुलीची बोर्डाची परीक्षा जवळ आली होती. म्हणून मॅनेजरने एक युक्ती ठरवली. मंचाजवळचं एक टेबल दर गुरुवारी आमच्यासाठी राखलेलं असे. त्यावर चौथी ताट-वाटी मांडलेली असे आणि ताटात थोडं अन्न वाढलेलं असे. फाटकावरच्या पहारेकऱ्याने तपासनीस आल्याचा फोन आत केला की वेटरने रेकॉर्डेड गाणं लावायचं, मास्तरांनी उठून टेबलावर येऊन बसायचं आणि जेवायला लागायचं. याची दोनदा तालीमही झाली होती. तालमीत मास्तर मंचावर चढले नव्हते, खालीच उभे राहिले होते. त्यामुळे एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती.

वाद्याला हात लावण्याआधी मास्तर चपला-बूट काढतात. देवळात, शाळेत, लग्नाच्या मांडवात, कुठेही. त्या मंचावर गालिचा होता. ते बूट पायरीशी काढत, टाचा मंचाकडे आणि तोंड बाहेर असे नीट लावत, कीबोर्डला हात लावून तो कपाळाला नेत आणि मग बसत.

त्या गुरुवारी बांग झाली तेव्हा नेहमीप्रमाणे संगीत थांबलं. मंचाच्या मागे पडद्याआड एक जागा होती. तिथे कर्मचाऱ्यांनी नमाज पढली. गिऱ्हाइकं पुन्हा स्थिरावली. मास्तर मंचावर गेले आणि त्यांनी यमनचे सूर धरले. काउंटरपाशी उभ्या असलेल्या चार-पाच मुली फोन खाली ठेवून ऐकायला लागल्या. एवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला.

वेटरने गाणं लावलं. मास्तर उठले, टेबलावर आले, त्यांनी माशाचा तुकडा मोडला. सगळं तालमीसारखं झालं.

“बाबा,” मुलगी हळूच म्हणाली, “युवर शूज.”

मास्तरांनी टेबलाखाली पाहिलं. पायांत काळे मोजे होते. तपकिरी बूट पायरीशी होते, आमच्यापासून सात-आठ पावलांवर. ते अर्धवट उठले.

“बसा,” नर्स म्हणाली. “आले ते.”

तपासनीस दोघे होते. एक तरुण, हातात टॅब्लेट घेतलेला. दुसरा वयाने मोठा, पांढऱ्या पायघोळ थोबात, चष्मा लावलेला. तरुण आधी स्वयंपाकघरात गेला. मोठा टेबलाटेबलावरून फिरत होता. गिऱ्हाइकांना तो फार काही विचारत नव्हता. आमच्या टेबलापाशी मात्र थांबला. टेबल मंचाला सर्वांत जवळ होतं, कदाचित म्हणून. त्याने इंग्रजीत इकामे मागितले. आम्ही ते फोनवर दाखवले. मास्तरांच्या फोनचा पडदा त्याने दोनदा पाहिला आणि आपल्या फोनने त्याचा फोटो काढला. माझ्या फोनचाही काढला. फोटो का काढला ते सांगितलं नाही.

मग त्याने मॅनेजरला विचारलं, “वाजवतो कोण?”

“आज कोणी नाही,” मॅनेजर म्हणाला. “रेकॉर्डिंग आहे.”

“मग हे चालू कसं?” कीबोर्डचा लाल दिवा लागलेला होता.

तपासनीस मंचापाशी गेला. पायरीशी थांबून त्याने खाली पाहिलं. मग वळून मोठ्याने, आधी अरबीत आणि नंतर इंग्रजीत विचारलं, “हे बूट कोणाचे?”

रेस्टॉरंटमध्ये फक्त रेकॉर्डेड गाणं चालू होतं. मास्तरांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. नर्सने मुलीचा हात धरला होता. मुलीच्या बोटांची टोकं पांढरी पडली होती. तपासनिसाने प्रश्न पुन्हा विचारला आणि तो टेबलांखाली पाहत पाहत आमच्या दिशेने येऊ लागला.

“माझे, साहेब! माझे!”

ग्रिलवरचा आचारी बाहेर आला. हा श्रीवर्धनकडचा, वीस-बावीस वर्षं या देशात काढलेला. अरबी अस्खलित बोलायचा. तो अनवाणी होता. स्वयंपाकघरात तो सपाता घालायचा. त्या त्याने आतच सोडल्या होत्या, हे आम्हाला नंतर कळलं. नमाजाला बूट काढले होते, ग्रिलवर मासा जळायला लागला म्हणून तसाच धावलो, असं तो अरबीत सांगत होता. बोलता बोलता त्याने हाताने जळलेल्या माशाचा आकारही दाखवला.

तपासनीस म्हणाला, “घाल.”

आचाऱ्याचं पाऊल मोठं होतं. बोटं आत गेली, टाच बाहेर राहिली. त्याने बुटाची मागची बाजू टाचेने दाबून पार सपाट केली आणि सपाता घातल्यासारखे ते घातले. चामडं मोडल्याचा आवाज आम्हाला ऐकू आला.

“तुला लहान होतात.”

“बायकोने पाठवले, साहेब. तिला मी अजून लग्नातल्याएवढाच वाटतो.”

तरुण तपासनीस तोपर्यंत बाहेर आला होता. तो हसला. मोठा हसला नाही. आचारी बूट फटफट वाजवत आत निघून गेला. आमच्या टेबलावरून जाताना त्याने मान न वळवता मराठीत एवढंच म्हटलं, “वैनी, समुद्राकडून जा.”

तपासनीस मॅनेजरला घेऊन काउंटरपाशी बसले. कागदपत्रं निघाली. फाटकाकडे जायचा रस्ता त्यांच्या समोरूनच होता आणि तो चकाकत्या फरशीचा होता. तिथून मोजे घालून जाणारा माणूस लगेच नजरेत भरला असता. दुसऱ्या बाजूला, छत्र्यांच्या पलीकडे, वाळू होती. वाळूवरून वळसा घालून पार्किंगला जाता येत होतं.

“मोजे काढून खिशात घाला,” नर्स म्हणाली. “आणि आपण सगळ्यांनीच काढायचं. एकटे तुम्ही नको.”

आम्ही तिघींनी चपला काढून हातात घेतल्या. मुलीचे स्पोर्ट्स शूज होते. त्यांच्या नाड्यांची गाठ तिला सुटेना. मास्तर खाली वाकणार होते, नर्सने त्यांचा खांदा दाबला आणि स्वतः गाठ सोडली. सहलीला आलेल्या माणसांसारखे आम्ही छत्र्यांमधून वाळूवर उतरलो. वाळू गार होती. कोणी मागे पाहिलं नाही. मास्तर मध्ये चालत होते.

“हळू चाला,” नर्स म्हणाली. “पोहायला निघाल्यासारखे पळू नका.”

“गाडीची किल्ली टेबलावर राहिली तर नाही?” मास्तरांनी विचारलं.

“माझ्याकडे आहे. पुढे बघा.”

पार्किंगच्या कडेला दगडांची एक ओळ आहे. आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा मोठा तपासनीस आपल्या गाडीशी उभा राहून फोनवर बोलत होता. बोलणं संपवून त्याने आमच्याकडे पाहिलं. मग चौघांच्या पायांकडे पाहिलं. तिघींच्या हातांत पादत्राणं होती. मास्तरांचे हात रिकामे होते.

“पाणी थंड आहे का?” त्याने मुलीला इंग्रजीत विचारलं.

आमचे पाय कोरडे होते. त्यांना वाळू लागली होती, पाणी नाही.

“वी डिडन्ट गो इन, सर,” मुलगी म्हणाली. “ओन्ली वॉक्ड.”

त्याने फोन खिशात ठेवला. आतून तरुण तपासनिसाने त्याला हाक मारली. “खलास,” तो म्हणाला, “घरी जा,” आणि आत गेला. त्याने काय ओळखलं आणि काय नाही, हे सांगता येत नाही.

नर्सने गाडी चालवली. घराखाली गाडी थांबल्यावर मुलगी मराठीत म्हणाली, “बाबा, पुढच्या वेळी बूट घालूनच वाजव.” एरवी ती घरात इंग्रजीत बोलते. मास्तर म्हणाले, “पुढची वेळ नाही.”

नर्सच्या इकाम्याची मुदत रमजानच्या अखेरीस संपत होती. मास्तरांचं आणि मुलीचं नूतनीकरण तिच्याच इकाम्याबरोबर होतं. तपासनिसाने फोटो काढला होता, त्यामुळे काही नोंद झाली असेल तर ती तेव्हा कळणार होती. त्या दोन-अडीच महिन्यांत नर्स ड्यूटीवर जाण्याआधी रोज फोनवर तिघांचे इकामे उघडून बघे. मास्तरांनी घरातली छोटी पेटी कपाटावर ठेवून दिली होती. मुलीची परीक्षा झाली.

त्याच काळात मास्तरांनी आचाऱ्याला बुटांसाठी फोन केला. मी तिथेच बसले होते. त्याचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता.

“मास्तर, आता मागू नका. तो तपासनीस परत आला आणि मी सपातांत दिसलो तर?”

“टाचा मोडल्यात ना त्यांच्या?”

“मोडल्यात म्हणून तर माझे झालेत. तुमच्या पायात आता शोभायचे नाहीत.”

रेस्टॉरंटला नोटीस मिळाली. कशाबद्दल ते मॅनेजरने सांगितलं नाही. परवान्याचा अर्ज खरोखर केला होता का, हे मास्तरांनी दोनदा विचारलं. उत्तर आलं नाही. मंचावर आता झाडांच्या कुंड्या आहेत. बाटल्यांची रांग आणि वडिलांच्या बारचा फोटो आहे तिथेच आहे.

ईदच्या आधी दोन दिवस, दुपारी, नर्सच्या फोनवर नूतनीकरण झाल्याचा संदेश आला. ती वॉर्डात होती. तिने पडद्याचा फोटो काढून घरी पाठवला आणि मलाही पाठवला. त्यावर तीन नावं आहेत. दुसरं नाव मास्तरांचं आहे.