साध्या रिपोर्टांची रांग

ऑफिसात तिला सगळे रांगवाली म्हणत, आणि तिला ते आवडायचं. प्रोग्रॅममधली अनेक कामं, म्हणजे थ्रेड, एकाच वेळी एकाच गोष्टीवर तुटून पडली, की कोणाला आधी सोडायचं आणि कोणाला ताटकळत ठेवायचं, हे तिचा कोड ठरवायचा. ज्याचा अग्रक्रम मोठा तो पुढे. अग्रक्रम सारखा असेल तर आधी आलेला पुढे. काम एवढंसं, पण तिची लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा हा तयार कोड, कुठे कुठे पोचली होती. या हॉस्पिटलच्या तपासणी विभागातही तीच होती, हे तिने सकाळी दारातच बाबांना ऐकवलं होतं. "म्हणजे इथे आपल्या घरचंच राज्य की!" बाबा खूश होऊन म्हणाले होते.

आता साडेअकरा वाजले होते आणि तिचा जीव खालीवर होत होता. रक्ताचा रिपोर्ट बाराच्या आत वरच्या मजल्यावर गेला तर बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन आज, नाहीतर तीन आठवड्यांनी. तीन आठवडे थांबायला डॉक्टर तयार होते. बाबांचं हृदय तयार होतं की नाही, ते कोण सांगणार? ती बसायची, उठायची, पाण्यापर्यंत जाऊन पाणी न पिताच परत यायची. "अगं, तुझ्याकडे बघूनच माझं ब्लडप्रेशर वाढतंय," बाबा म्हणाले.

ते सातला रक्त देऊन बसले होते, सगळ्यांच्या आधी. नंतर आलेले लोक रिपोर्ट घेऊन घरी पोचलेसुद्धा. ती सहाव्यांदा खिडकीशी गेली.

"ताई, तातडीवाले पुढे गेले ते समजलं. पण साधेही पुढे जातायत. यांचा तर पहिला नंबर होता!"

खिडकीतली बाई वैतागलेली होती. "कॉम्प्युटरचं असंच आहे हो. शेवटी आलेला आधी सुटतो. गर्दी असली की सकाळचे बिचारे तळाला बसतात. म्हणून तर नेहमीचे लोक दहानंतर येतात."

नव्याला रांगेत बसवणारी आपल्या कोडमधली ओळ रांगवालीला लख्ख आठवली. ज्यांचा अग्रक्रम कमी, त्यांच्या पुढे जा, एवढंच हवं होतं. तिने लिहिलं होतं, कमी किंवा समान. म्हणजे प्रत्येक नवा गडी आपल्या बरोबरीच्या सगळ्यांच्या डोक्यावर बसणार. कोडच्या चाचणीत तिने तीन कामं घेतली होती, तिन्ही वेगवेगळ्या अग्रक्रमांची. समान घेऊन पाहिलीच नव्हती. चाचणी पास झाली म्हणून वर सगळ्या ऑफिसला कॉफी पाजली होती!

ओळ दुरुस्त करून इथपर्यंत पोचवायला संध्याकाळ झाली असती. घड्याळात अकरा बेचाळीस झाले होते.

खिडकीतली बाई पुढे वाकून हळू आवाजात म्हणाली, "फार आरडाओरडा करतात त्यांच्यासाठी आम्ही एक करतो. नाव काढून परत टाकतो. नव्यासारखं लगेच सुटतं. करू का? पण कुणाला सांगू नका, नाहीतर सगळेच येतील."

रांगवालीने मागे पाहिलं. बाकावर बाबांच्या शेजारी एक शिंपीणबाई होती, सव्वासातला आलेली. सकाळपासून ती उपाशीच होती, तरी बाबांशी गप्पा मारत होती. तिच्या मागे सकाळपासूनचे तीस जण.

"करा," ती म्हणाली. लाजेने तिचे कान तापले.

चार मिनिटांत रिपोर्ट हातात आला. ती जिने धावत चढली, कागद दिला आणि चाकांची खुर्ची घेऊन लिफ्टने खाली आली. बाबा उठले. त्यांचा चेहरा फुलला होता.

"बघा, उशीर झाला, पण नंबर काही चुकला नाही," ते शिंपीणबाईला म्हणाले. "आता तुमचाच. जागा सोडू नका."

बाई हसली आणि सरकून बाबांच्या जागेवर बसली.