कोणत्या अधिकारात?

लीड्समधल्या मराठी माणसांत अमेरिकेची राज्यघटना कुणाच्या स्वप्नात येत असेल, तर ती फक्त आमच्या शेजारच्या काकांच्या. हयात गेली इथल्या हॉस्पिटलात भूल देण्यात, पण जीव जडला तो एकाच प्रश्नावर: अमेरिकेच्या त्या उंच, दाढीवाल्या अध्यक्षाने नुसत्या एका सहीने गुलामांना मुक्त केलं, ते कोणत्या अधिकारात? टेबलावरच्या पेशंटलाही ते हेच समजावत, त्यामुळे औषध निम्मंच लागे, असं त्यांचे सहकारी सांगतात. एकदा कौन्सिलच्या माणसाने त्यांची कचऱ्याची बिन उचलायला नकार दिला, तर काका ड्रेसिंग गाऊनमध्येच लॉरीमागे धावले, "अंडर व्हॉट अथॉरिटी?"

उत्तर आम्हाला पाठ होतं. "हे बघ, शांततेच्या काळात अध्यक्षाला कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही. आणि कायद्याच्या लेखी ती बिचारी माणसं मालमत्ताच! पण अध्यक्ष सरसेनापतीही असतो. शत्रूचं बळ तोडायला युद्धात लागेल तो हुकूम त्याला काढता येतो. म्हणून तो आदेश फक्त बंडखोर राज्यांना. बाकीच्या, निष्ठावंत राज्यांसाठी घटनादुरुस्ती करावी लागली." हे ऐकेपर्यंत भजी थंड होत आणि काकू आतून दुसरा घाणा पाठवत.

काकूंची हौस एकच. मंडळाच्या गणपतीची आरती समोर उभं राहून म्हणायची. पण आरती संपताच नैवेद्याला गरम मोदक हवेत, म्हणून बायका तेव्हा हॉलच्या किचनमध्ये अडकलेल्या. वर्षानुवर्षं काकूंनी आरती म्हटली ती भिंतीपलीकडून. काका मंडळाचे अध्यक्ष झाले तेव्हा मी म्हटलं, "काका, आता काढा की आदेश!"

"कोणत्या अधिकारात? कामाची वाटणी बदलायची तर जनरल मीटिंग लागते. अध्यक्षाला हुकूम काढता येतो तो फक्त इमर्जन्सीत." मग जरा रागावून म्हणाले, "आणि त्याची तुलना याच्याशी नको. तिथे माणसं विकली जात होती." लगेच आवाज खाली आणून म्हणाले, "पण तिचा आवाज गोड आहे रे."

त्या वर्षी ऐन आरतीच्या तोंडावर मोदकांच्या वाफेने फायर अलार्म वाजला. सगळं मंडळ कार पार्कमध्ये, बायकांच्या हाताला पीठ, पुरुष सोवळ्यात कुडकुडताहेत, आणि काकांचा चेहरा मात्र लग्नातल्यासारखा खुललेला. कठड्यावर चढून ते गरजले, "इमर्जन्सी! या क्षणापासून किचन पुरुषांकडे. बायका आरतीला!"

आत परतल्यावर सर्वांत आधी किचनमध्ये शिरले ते स्वतः काका. बाप्पापुढे गेले ते मोदक होते की मोमो, यावर आजही वाद आहे. काकू मात्र पहिल्या रांगेत होत्या. सुरुवातीला त्यांचा आवाज कापला, मग असा लागला की भिंतीपलीकडे काका सारण भरायचं विसरले.

घरी निघताना काकूंनी विचारलं, "अहो, हुकूम आपल्या घरच्या किचनला पण लागू ना?"

"छे गं! ते निष्ठावंत राज्य."

पुढे रीतसर मीटिंगमध्ये तो नियम कायमचा झाला, आणि आरतीच्या वेळी काका दरवर्षी हौसेने किचनमध्ये राहिले. अलीकडे त्यांना फारसं आठवत नाही. यंदा आम्ही त्यांना काकूंशेजारी उभं केलं. आरती सुरू झाली तशी त्यांची चुळबुळ सुरू झाली, नजर किचनच्या दाराकडे. "मी इथे कसा? कोणत्या अधिकारात?"

काकूंनी त्यांचा हात घट्ट धरला.

"माझ्या," त्या म्हणाल्या, आणि पुढचं कडवं उचललं.