मामांच्या अटी

आपल्या परराष्ट्र खात्याला माझ्या चुलत सासऱ्यांचा, म्हणजे आमच्या मामांचा, ठावठिकाणा अजून लागलेला नाही, हे देशाचं दुर्दैवच म्हणायला हवं. पूर्णेची रेल्वेतली नोकरी संपवून मामा ताडकळसला शेतावर राहायला आले, आणि तेव्हापासून जगातला एकही शस्त्रकरार त्यांच्या नजरेतून सुटलेला नाही. कुणी कुणाला रणगाडे विकले, विकताना काय कबूल करून घेतलं, हे सगळं ते मोबाइलवर ऐकतात आणि कपाळावर हात मारून घेतात. "नुसते वाटायलेत, जावईबापू. हत्यार द्यायचं तर अटीचं दावं बांधून द्यावं. मोकळं सोडलं की कुनाच्याबी वावरात शिरतंय," हे ते मला चहा गार होईपर्यंत समजावतात. धोरणाची अंमलबजावणी अर्थात घरापासून. शिडी हवी? आधी आईला दवाखान्यात दाखवून आण. फवारणीचा पंप हवा? पोरीची शाळा सोडवणार नाही, असं कबूल कर. मला एकदा छत्री दिली ती पोळ्याला बायकोला माहेरी आणीन या बोलीवर, आणि मी मुकाट्यानं आणलं. लोक हसायचे, पण ऐकायचे.

मामांकडची सर्वांत बलाढ्य वस्तू म्हणजे झाडं कापायची पेट्रोलवरची मशीन. गावात तेवढी एकच. शेजारच्या वावरातल्या दोन भावांचा बांधावरच्या आंब्यावरून अबोला होता. झाड वडिलांनी लावलेलं. थोरल्याचा त्यावर जीव, पण वाटणीत ते गेलं धाकट्याकडं, आणि त्याचा कापूस सावलीत येत नव्हता. धाकटा मशीन मागायला आला तेव्हा मामा म्हणाले, "आधी दोघं भाऊ त्या आंब्याखाली बसून जेवा. मंग ने." एका जागी भाकरी मोडली की झाड वाचलंच, अशी त्यांची खात्री होती. त्याच आशेनं थोरलाही आला. दोघं जेवले, एकमेकांकडं पाठ करून, अवाक्षर न काढता. हात धुऊन धाकटा दारात हजर. मामांनी मशीन उचलून त्याच्या हातात दिली.

"नाही म्हणायचं होतं," मी म्हणालो.

"त्यानं अट पाळली. आता मीच फिरलो तर उद्या माजं कोन ऐकंल?"

संध्याकाळी आम्ही बांधावर गेलो. आंबा आडवा पडला होता आणि थोरला नुसता बुंध्यापाशी बसून होता. मामा त्याच्याशेजारी जाऊन टेकले. परतताना ते वाटेत थांबले. इतका थकलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता, मला फार वाईट वाटलं.

"चुकलं माजं," ते म्हणाले. "जेवा म्हनलो. बोला म्हनायचं राहूनच गेलं."